मरम्मत की तरमीम

सरकारी कागद बसून वाचायचा नसतो, उभ्यानं वाचायचा असतो, हे मला मुन्शीजींनी शिकवलं. बसून वाचणारा माणूस पहिल्या ओळीवर खूश होतो आणि तिथंच रेंगाळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. उभं राहिलं की पाय भरून येतात, मग माणूस आपसूक शेवटाकडं धावतो, आणि सरकारचं खरं बोलणं शेवटच्या ओळीतच असतं. मी नवा होतो तेव्हा मला हा म्हातारचळ वाटायचा. पुढं मीही उभ्यानंच वाचायला लागलो. आता गुडघे राहिले नाहीत, आणि वाचावं असं काही कुणी पाठवतही नाही.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. युसूफ वडगावच्या शाळेत मुन्शीजी सदर मुदर्रिस होते, म्हणजे आताचे हेडमास्तर. मी त्यांच्या हाताखालचा दुसरा मास्तर. तिसरा कुणी नव्हता. त्यांचं खरं नाव व्यंकटराव, गाव गेवराईकडचं चकलांबा. पण व्यंकटराव म्हणून त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. पाटलापासून कोतवालापर्यंत सगळे मुन्शीजीच म्हणायचे. त्यांनीही मला कधी नावानं हाक मारली नाही. मी त्यांचा ‘नायब’. चारचौघांत ‘नायब मास्तर’, आणि चिडले की नुसतं ‘बे’.

माणूस उंच, वाळका, मानेत वाकलेला. अंगात काळी शेरवानी, खाली धोतर, डोक्याला रुमाल. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या म्हणायच्या, “वरनं सरकारी हायत, खालनं घरचे.” मुन्शीजी हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. काकूंना मूलबाळ नव्हतं, आणि नवऱ्याची थट्टा करण्याचा त्यांचा हक्क गावानं मान्य केला होता.

थट्टेला जागाही भरपूर होती. मुन्शीजी घरातसुद्धा सरकारासारखे वागायचे. काकूंनी नवा हंडा मागितला की ते हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. “बघू, विचार चाललाय,” एवढंच. तीन-चार दिवस जायचे. मग एका बाजारच्या दिवशी केजहून येताना डोक्यावर हंडा. काकू म्हणायच्या, “बया, मंजुरी आली म्हणायची.” मी एकदा मुन्शीजींना विचारलं, हंडा आणायचाच होता तर त्याच दिवशी हो का म्हणाला नाहीत? तर म्हणाले, “आज व्हय म्हणायचं आन् उद्या जमलं न्हाई, तर तिच्या मनाला लागंल. आपण सरकारकडनं हेच सोसतो ना रोज? मग घरात तरी कावून करावं?”

शाळा आमची इमदादी होती. जागा आणि भिंती गावानं दिल्या, बाकी सरकारची इमदाद, म्हणजे मदत. त्या मदतीवर आम्हा दोघांचा पगार, पाट्या, खडू, पुस्तकं, सगळं चालायचं. ती कुणाला मिळणार, किती मिळणार, कशामुळं बंद होणार, हे गश्तीवर ठरायचं. गश्ती म्हणजे फिरतं हुकूमपत्र. ते हैदराबादेतून निघायचं, औरंगाबादच्या सुभ्यावर यायचं, तिथून बीडला, बीडहून केजच्या तहसिलीत. प्रत्येक मुक्कामी कुणीतरी त्याची हातानं नक्कल करायचं, आणि प्रत्येक नकलेत एखादं अक्षर झिजायचं. केजला आमच्या हातात पडेपर्यंत कागद पार दमलेला असायचा. भाषा उर्दू, लिपी घाईची, आणि अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, द्यायचे की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर.

गावात उर्दू बोलणारे पुष्कळ होते. असला कागद वाचणारे मुन्शीजी एकटे. मग काय, ज्याला म्हणून सरकारचा कागद आला तो शाळेच्या दारात उभा. जमिनीचा असो, विहिरीचा असो, कोर्टाचा असो. मुन्शीजी उभ्यानं वाचायचे, एकदा मनात, एकदा पुटपुटत, आणि तिसऱ्यांदा मराठीत. शाळेच्या गश्त्या मात्र ते एका जाड वहीत मोडीत उतरवून ठेवायचे. त्या वहीला माझाही हात लागू द्यायचे नाहीत. माणसं म्हणायची, मुन्शीजींनी वाचलं म्हणजे खुद्द सरकारनंच तोंडानं सांगितलं. असल्या बोलण्यानं माणूस फुगतो. ते फुगत नव्हते, पण त्यांना ते आवडायचं, हे मी पाहिलंय.

एकदा गश्ती आली की नवा खडू मागण्याआधी जुना संपल्याची खात्री द्यावी. इतर शाळांनी ‘खडू संपला’ असं लिहून मोकळं केलं. मुन्शीजींनी वर्षभर खडूचे नखाएवढे तुकडे एका डब्यात साठवले. मला सुद्धा खडू टाकून देऊ दिला नाही. मुआयना करायला बीडहून मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे अंमलदार, आले तेव्हा तो डबा त्यांच्यासमोर उघडून ठेवला. साहेबांनी विचारलं, हे काय? मुन्शीजी अगदी गंभीरपणे म्हणाले, “हुजूर, खात्री.” साहेब पोट धरून हसले आणि दुप्पट खडू मंजूर केला. तो पुढच्या पावसाळ्यात आला, भिजून. आम्ही तो उन्हात वाळवला आणि वर्षभर त्याच्या चुऱ्यानं लिहिलं.

दुसरी गोष्ट हाजिरीची. मदत हाजिरीच्या सरासरीवर मिळायची. आणि ज्वारीची काढणी, कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गात आम्ही दोघं आणि चिमण्या. शेजारच्या एका गावात तर पाळण्यातल्या लेकरांची नावं हजेरीत असायची. पाटलांनी मुन्शीजींनाही सुचवून पाहिलं की चार-दोन नावं आपणही घालू, कोण बघतंय. मुन्शीजी म्हणाले, “एक खोटं नाव लिवलं की बाकीची खरी नावंबी खोटी व्हत्यात, पाटील.” मुन्शीजींनी दुसऱ्या दिवशी फळा माझ्या डोक्यावर दिला, हजेरीचं पुस्तक स्वतःच्या काखेत मारलं आणि शाळा उचलून पाटलाच्या खळ्यावर नेली. सकाळी पोरं कणसं खुडायची, दुपारी कडब्याच्या गंजीच्या सावलीला पाढे म्हणायची. हाजिरी पुरी, आणि खरी.

मुआयना नेमका तेव्हाच आला. मोहतमीम साहेब खळ्यावर आले, शेरवानीला ज्वारीची कुसं चिकटली, तसे चिडले. ही शाळा नव्हे म्हणाले. मुन्शीजींनी हात जोडले आणि विचारलं, मदरशाला, म्हणजे शाळेला, छप्पर पाहिजे असं कुठल्या कलमात आहे ते हुजुरांनी दाखवावं. साहेबांनी आपल्या कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं कागद चाळले. तसं कलम नव्हतं. मदत चालू राहिली. महिनाभर गावात तीच चर्चा, की मुन्शीजींनी सरकारला खळ्यावर हरवलं. आम्ही कलमातली ती फट दाखवली म्हणूनच पुढं ती बुजवली गेली की काय, असा मला संशय येतो. पण हैदराबादेत आमच्या खळ्याची दखल कोण घेणार? उगीच आपलं मनाला लागतं.

छपराचं मात्र आमचं खरंच दुखणं होतं. शाळेवर जुनं माळवद होतं, लाकडाच्या तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यात ते गळायचं. पोरं पाट्या डोक्यावर धरून बसायची. एकदा वाळवी लागलेली फळी भर वर्गात कोसळली. पोरगं थोडक्यात वाचलं. त्या दिवसापासून मुन्शीजी पत्र्यांसाठी अर्ज करू लागले. दर वर्षी एक अर्ज, वळणदार अक्षरात. एकाचंही उत्तर आलं नाही. अर्ज घेऊन ते केजला चालत जायचे आणि चालत यायचे. परत आले की ओट्यावर बसून पाय चोळत राहायचे. काकू पाणी देऊन आत जायच्या. मला त्यांचं ते पाय चोळणं बघवायचं नाही.

गेल्या दोन वर्षांपासून त्यांनी एक नवीन चाल सुरू केली होती. गश्ती आली की माझ्या हातात द्यायचे. “वाचा नायब, हात कसा बसलाय बघू.” मी अडखळत वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि चुकलं की टोकायचे. वही सुद्धा मीच लिहू लागलो. मला वाटायचं, म्हातारा आपल्याला तयार करतोय. बरंही वाटायचं. इतका मी मठ्ठ. पाणी पिताना त्यांचा हात तांब्याशेजारी पडायचा, फळ्यावर लिहिताना ओळीवर ओळ चढायची, ते मी बघत होतो आणि मला काही कळत नव्हतं. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणायचो.

मग ती गश्ती आली. बहमन महिना होता, थंडीचा. मुन्शीजींना ताप होता म्हणून केजला मी गेलतो. तहसिलीत नकला उतरवणारा नकलनवीस माझ्या ओळखीचा, गरीब माणूस, पाठीवर पाच लेकरांचा बोजा. कागद देताना तो सहज म्हणाला, “इमारतीच्या कायद्यात तरमीम झालीय. मुन्शीजींना सांगा, नीट वाचा म्हणावं.” येताना वाटेत मी कागद उघडून पाहिला. माझी उर्दू काही मुन्शीजींसारखी नव्हती. अर्धं कळलं, अर्धं नाही. पण तो एक शब्द मला दिसला. तरमीमच होता.

गावात शिरलो तर मुन्शीजी तापातून उठून चावडीवर येऊन बसलेले. पाटील, आणखी पंधरा-वीस माणसं. कुणीतरी आवई उठवली होती की शाळेच्या इमारतीचा कागद येतोय. मी कागद काढला आणि म्हणालो, मी वाचतो. मुन्शीजींनी हात पुढं केला. “कावून? मला येत न्हाई का?” माणसं हसली. मी कागद दिला.

ते उभे राहिले. कागद लांब धरला, जवळ धरला, उजेडाकडं फिरवला. पुष्कळ वेळ गेला. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो कधी पाहिला नव्हता. म्हणाले, “इमदादी मदरशांच्या इमारतींची मरम्मत.” मरम्मत म्हणजे दुरुस्ती हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. चावडीवर एकच गलका झाला. पाटलांनी उठून मुन्शीजींना मिठी मारली.

आता सांगतो मी काय केलं. मी काहीच केलं नाही. तरमीम म्हणजेही दुरुस्तीच की, असं मी मनाला सांगितलं. मराठीत दोन्हींना आपण दुरुस्तीच म्हणतो. पण एक छपराची आणि एक कायद्याची, एवढं न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. वीस माणसांसमोर मुन्शीजींना ‘तुम्ही चुकलात’ म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि ते इतके खूश होते. इतक्या वर्षांचे अर्ज, ते पाय चोळणं, आणि आता हे. मी म्हटलं, उद्या एकटे असताना सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेवर गेलो तर माळवदावर माणसं चढलेली. शेवटच्या ओळीचा मुन्शीजींनी एवढा अर्थ लावला होता की ठरल्या महिन्यानंतर मदत मिळणार नाही. तेव्हा घाई. पाटील म्हणाले, उघडं पाडून दाखवल्याशिवाय सरकारला खरं वाटणार न्हाई. माती खाली येत होती, फळ्या खाली येत होत्या, पोरं टाळ्या पिटत होती. मुन्शीजी मधोमध उभे राहून वर बघत होते, रुमालावर सगळी धूळ. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, “नायब, पत्र्यावर पावसाचा आवाज लई व्हतो म्हणत्यात. पोरांना ऐकू येईल ना आपलं?” मी म्हणालो, येईल. आणि तिथंच माझं सांगणं राहिलं ते राहिलंच.

अर्ज गेला. बहमन संपला. भिंतींच्या आत आभाळाखाली शाळा भरू लागली. सकाळी थंडी, दुपारी ऊन, मग पोरांना घेऊन भिंतीच्या सावलीबरोबर सरकत राहायचं. मुन्शीजी रोज विचारायचे, कुणी केजकडनं आलं का? कुणी आलेलं नसायचं. माझ्या जिवाला कसली म्हणून चैन नव्हती.

आणि एके दिवशी दुपारी मोहतमीम साहेब आले. हे नवे होते, बदलून आलेले. वयस्कर, दमेकरी, बैलांच्या दमणीतून उतरतानाच धापा टाकत होते. वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी आत पाऊल टाकलं, मान वर केली आणि तसेच बघत राहिले. मग विचारलं, छप्पर कुठाय? मुन्शीजींनी मोठ्या अदबीनं गश्ती पुढं केली.

साहेबांनी ती वाचली. बसून वाचली. मग त्यांनी ती आम्हाला समजावून सांगितली, उर्दूत, सावकाश, जसं आजाऱ्याला सांगतात तसं. मी मराठीत सांगतो. कायद्यात बदल झाला आहे. यापुढं ज्या मदरशावर धड छप्पर आहे त्यालाच इमदाद मिळेल. मुआयन्याच्या दिवशी छप्पर नसेल तर इमदाद बंद, आणि शाळेचं नाव यादीतून कमी. मरम्मतीचा यात शब्द नाही.

पाटील दारात उभे होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “मुन्शीजी, तुमी तर दुरुस्ती म्हणला व्हता.” पोरांनाही कळलं होतं काहीतरी मोडलं म्हणून.

साहेबांनी थोडा दम खाल्ला आणि स्वतःच वाट सुचवली. म्हणाले, नक्कल फार वाईट आहे, नुक्ते नाहीत, कुणाचाही घोळ होईल. तुम्ही लिहून द्या की केजच्या नकलनवीसाच्या चुकीमुळं हे घडलं. मी ते वर पाठवतो. मुन्शीजींनी विचारलं, मग शाळा? साहेब म्हणाले, वरून निकाल येईपर्यंत इमदाद बंद राहील. किती दिवस? वर्ष, दोन वर्षं, त्यांनाही सांगता येत नव्हतं. मुन्शीजींनी मान हलवली. दोन वर्षं बंद पडलेली शाळा पुन्हा उघडत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पोरं एकदा गुरांमागं गेली की गेली.

मग मुन्शीजींनी विचारलं, आणि चूक सदर मुदर्रिसाची असली तर? साहेबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. म्हणाले, तर ते माझ्या अखत्यारात आहे. वर लिहायला नको. मुदर्रिसाला कामावरून कमी करीन, गावाला पावसाळ्यापर्यंत छप्पर घालायची मुदत देईन, इमदाद चालू राहील. पण त्याला वजीफा मिळणार नाही, मुन्शीजी. वजीफा म्हणजे पेन्शन. विचार करा.

मुन्शीजींनी विचार केला नाही. घरच्या हंड्याला चार दिवस घेणारा माणूस. ते माझ्याकडं वळले. “नायब, दऊत आणा आन् लिवा. मी सांगतो.”

मी खाली बसलो. टाक शाईत बुडवला. ते सांगू लागले. सगळी पोरं, पाटील, साहेब, दारात जमलेला गाव, सगळ्यांसमोर, वर्गात बोलायचे त्याच आवाजात.

“नकलेत चूक न्हाई. वाचणाऱ्याची चूक हाय. सदर मुदर्रिसाला दोन वर्षांपासून दिसत न्हाई. त्यानं ही गोष्ट सरकारपासून लपवली.”

मला तेव्हा कळलं. ते ‘वाचा नायब’, ते डोळे मिटून ऐकणं. चावडीवर त्यांनी अक्षरं वाचलीच नव्हती. ‘इमारत’ एवढं कसंबसं लागलं, आणि पुढं इतक्या वर्षांत जो शब्द यावा म्हणून वाट बघितली तो शब्द त्यांना तिथं दिसला. मी लिहीत होतो. माझ्या तोंडाशी आलं होतं की हुजूर, मला माहीत होतं, मी बरोबर वाचलं होतं, मी गप्प बसलो. आलं होतं आणि परत गेलं. मी लिहिलं, ओल्या शाईवर वाळू टाकली, कागद त्यांच्या हातात दिला. सही कुठं करायची ते त्यांच्या बोटाला धरून मी दाखवलं.

साहेबांनी हुकूम तिथंच काढला. मुन्शीजी कमी. नवीन माणूस मिळेपर्यंत सदर मुदर्रिसाचं काम नायबानं बघावं. नवीन माणूस त्यांना कधी मिळाला नाही. ती जागा मी निवृत्त होईपर्यंत चालवली. लोक म्हणायचे, मास्तरचं नशीब.

गावानं आठ-दहा दिवसांत माळवद परत घातलं. तीच लाकडं, तीच माती. पाटील मुन्शीजींवर पहिले काही दिवस फार चिडून होते, मग त्यांचीच मान खाली जायला लागली. निरोपाचं कुणी काही केलं नाही. कसं करणार? लाजेचा निरोप कसा करतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुन्शीजींच्या धाकट्या भावानं चकलांब्याहून बैलगाडी पाठवली. दोन ट्रंका, एक हंडा, बाकी किडूकमिडूक. काकू गाडीत बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्या दिवशी त्यांनी कुणाची थट्टा केली नाही.

मी गाडीबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेलो. मुन्शीजीही चालत होते, एक हात गाडीच्या दांडीवर. शेरवानी घातली नव्हती. नुसत्या बाराबंदीत ते कुणी दुसरेच वाटत होते. ओढ्याशी गाडी थांबली, बैलांना पाणी दाखवायला. माझा शाळेचा वेळ झाला होता. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही. मी त्यांचे पाय धरले आणि सांगून टाकलं. नकलनवीस काय म्हणाला ते, वाटेत कागद उघडला ते, चावडीवर गप्प बसलो ते, माळवद उतरताना पुन्हा गप्प बसलो ते. साहेबांसमोर तोंडात आलेलं गिळलं ते पण.

ते ऐकत होते. नजर माझ्यावर होती की माझ्या मागच्या बाभळीवर, सांगता येत नव्हतं. माझं संपल्यावर त्यांनी हळू विचारलं, “म्हंजे तू तरमीम वाचलं व्हतंस? तुझं तू? नुक्ते नसताना?”

मी हो म्हणालो. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या पाहिजे होत्या. त्यांनी चाचपत माझा खांदा शोधला आणि घट्ट धरला. त्यांचा सगळा चेहरा हसत होता.

“आरं, मग शाळेचं बरं हाय,” ते म्हणाले. “मला त्याचाच घोर लागलता. म्हणलं, मला दिसत न्हाई आन् ह्याला येत न्हाई, आता गावाचं वाचणार कोण? तुला येतंय. लई बरं झालं सांगितलंस.” आणि काकूंकडं तोंड करून म्हणाले, “ऐकलंस का? ह्याला येतंय वाचायला.”

काकूंनी ऐकलं होतं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. भावानं पाठवलेल्या गाडीवानानं मुन्शीजींना हात देऊन वर घेतलं. गाडी ओढा उतरून पलीकडं चढली. मुन्शीजी मागं तोंड करून बसले होते, आणि मी दिसत नसताना मी जिथं असेन अशा अंदाजानं, जरा चुकीच्या दिशेला, हात हलवत होते.

चकलांब्याला जायचं मी दर वर्षी ठरवत राहिलो आणि गेलो नाही. ते वारल्याचं मला केजच्या बाजारात कळलं. त्यांनी मला माफ केलं असतं तर मी ते कसंतरी सोसलं असतं. पण माफ करण्यासारखं काही घडलंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना खरोखर आनंद झाला होता.